श्रद्धा आणि प्रमाण

श्रोतेहो, नमस्कार.

"देव आहे, कारण माझी श्रद्धा आहे." हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की त्यातल्या 'कारण' या शब्दापाशी कुणी थांबत नाही. आज मला तिथेच थांबायचं आहे.

काही वर्षांपूर्वी आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. संमतीपत्रावर सही करताना माझं पेन दोनदा हातातून निसटलं. त्या सर्जनना मी जेमतेम दोन वेळा भेटलो होतो, तरी आईला त्यांच्या हाती सोपवलं. यालाही आपण श्रद्धा म्हणतो. पण तिच्यामागे त्यांचं शिक्षण होतं, त्यांनी बरे केलेले रुग्ण होते, आणि ते स्वतः समोर उभे होते. ते आहेत की नाहीत, हा प्रश्नच नव्हता. मग दार बंद झालं, वरचा लाल दिवा लागला आणि बाहेरच्या बाकावर माझे हात आपोआप जोडले गेले. कुणीतरी आहे म्हणून जोडले, की कुणीतरी असावं म्हणून? मला आजही वाटतं, असावं म्हणून.

न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेने चार प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याची साधनं, मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान म्हणजे साम्यावरून ओळखणं, आणि शब्द. श्रद्धा त्यांत नाही. 'शब्द' म्हणजे आप्ताचं, विश्वासार्ह माणसाचं सांगणं. पण तो विश्वासार्ह कशावरून, हेही विचारायचं. वेदाचं प्रामाण्य सांगताना या दर्शनाची मूळ सूत्रं, न्यायसूत्रं, दाखला देतात तो मंत्रांचा आणि आयुर्वेदाचा. औषधाचा गुण येतो, म्हणून ते सांगणाऱ्याचा शब्द मानायचा. पुढे सुमारे हजार वर्षांपूर्वी याच परंपरेतल्या उदयनाचार्यांनी ईश्वर सिद्ध करायला 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथच लिहिला. केवढा भाविक माणूस! तरी नुसत्या श्रद्धेवर त्यांनी भागवलं नाही. कार्य आहे म्हणजे कर्ता हवा, हा त्यांचा युक्तिवाद मला पटत नाही. घडा करणारा कुंभार आपण पाहिलेला असतो, जग घडवणारा नाही. पण युक्तिवाद मांडला की तो खोडता तरी येतो. "माझी श्रद्धा आहे" याला काय उत्तर द्यायचं?

आणि खरी अडचण पुढेच आहे. एकाची अढळ श्रद्धा, की ईश्वर अवतार घेतो. दुसऱ्याची तितकीच अढळ, की तो कधीच देह धारण करत नाही. दोघेही प्रामाणिक, दोघेही त्यासाठी जीव देतील. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, आणि श्रद्धा मात्र दोघांच्याही पाठीशी सारखीच उभी. काहीही ठेवलं तरी एकच वजन दाखवणारा काटा आपण वापरू का?

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी 1896 साली याची दुसरी बाजू मांडली. काही निर्णय पुराव्याची वाट पाहत थांबू शकत नाहीत. समोरच्यावर आधी विश्वास टाकल्याशिवाय मैत्री जुळतच नाही. हे मला मनापासून पटतं. पण माझ्या विश्वासाने मैत्री घडते. मित्र घडत नाही. तो आधी असावा लागतो.

कुणाची श्रद्धा हिरावून घ्यावी, असं मी म्हणत नाही. ती माणसाला उभं करते, हे मी त्या बाकावर अनुभवलं आहे. मात्र ती आपली आहे, एवढ्यावरून दुसऱ्याने देव मानावा ही अपेक्षा रास्त नाही. मुलाच्या मनातला प्रश्न "श्रद्धा ठेव" म्हणून मिटवून टाकणं तर मला अन्यायच वाटतो.

दुसऱ्या दिवशी आई शुद्धीवर आली. आवाज अगदी खोल गेला होता.

"देवाचं नाव घेतलंस ना रे?"

"घेतलं."

तिने समाधानाने डोळे मिटले. देव आहे, याची तिला खूण पटली होती. मला आठवत होता तो लाल दिवा, आणि त्याखाली मी किती घाबरलो होतो ते.