बसू देणारी जागा

(दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, दुपार उतरणीला. लांबवर ट्रान्सअमेरिका पिरॅमिड ही निमुळती उंच इमारत, टोक धुक्यात.)

फ्रीमाँटहून बार्टनं, म्हणजे इथल्या लोकलनं, निघालं की पाऊण तासात माँटगोमेरी स्टेशन येतं. जिना चढून वर आलं की बँका, काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्रं लटकवून घराकडे निघालेली माणसं. ट्रान्सअमेरिका पिरॅमिडच्या पायथ्याशी कोलंबस अव्हेन्यू सुरू होतो. या भागातले बाकीचे रस्ते एकमेकांना काटकोनात भेटतात, हा एकटा तिरका निघतो. त्याच्या एका अंगाला चायनाटाउन, आणि पुढे नॉर्थ बीच. नावात बीच आहे, पण वाळू शोधू नका. भराव टाकून इथला समुद्र केव्हाच मागे सारला. मुंबईच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

आपण चाललो आहोत २५५ नंबरच्या इमारतीत. व्हेसुव्हिओ कॅफे. नावात कॅफे असलं तरी आहे बार.

(दृश्य: दर्शनी भाग, रंगीत काचा, मोठ्या अक्षरांची पाटी.)

ही इमारत १९१३ सालची, इतालो झानोलिनी या इटालियन वास्तुरचनाकारानं बांधलेली. भूकंपानं आणि त्यामागून लागलेल्या आगीनं १९०६ मध्ये शहराचा हा भाग जवळजवळ पुसला गेला होता. त्या राखेवर जे पुन्हा उभं राहिलं, त्यातली ही एक. बार होण्याआधी इथं कव्हाली नावाचं इटालियन पुस्तकांचं दुकान होतं. म्हणजे या भिंतींनी आधी कागदाचा वास घेतला, मग दारूचा. मला हा क्रम फार आवडतो.

१९४८ मध्ये ऑन्री लनुआर नावाच्या माणसानं इथं बार उघडला. डोक्यावर बेरे टोपी, चित्रांचं वेड, आणि चित्रकारांशी दोस्ती. गल्ल्यामागे बसून नुसते पैसे मोजणाऱ्यांतला तो नव्हता. ओळखीच्या चित्रकारांची चित्रं त्यानं बारच्या भिंतींवर लावली. नॉर्थ बीच तेव्हा इटालियन मजुरांचा आणि कोळ्यांचा मोहल्ला होता. खोल्या स्वस्त, जेवण स्वस्त, वाइन तर त्याहून स्वस्त. महायुद्धातून परतलेली मुलं सरकारी शिष्यवृत्तीवर जवळच्या टेकडीवरच्या कलाशाळेत दाखल होत होती. दिवसा ती रंगात हात बुडवत, आणि संध्याकाळी त्यांना बसायला कुठं तरी जागा हवी असे.

कलंदर माणसांच्या वस्त्या अशाच तयार होतात. आधी भाडं परवडायला लागतं, बाकीचं मागून येतं.

(दृश्य: बार आणि पुस्तकाचं दुकान यांच्यामधली गल्ली. फरसबंदीत बसवलेले ओळींचे गोल.)

बारच्या कुशीला ही गल्ली आहे. पूर्वी हिला ॲडलर प्लेस म्हणत. १९८८ मध्ये हिला कादंबरीकार जॅक केरुअॅकचं नाव मिळालं आणि २००७ मध्ये गाड्या बंद करून ती फक्त चालणाऱ्यांसाठी खुली झाली. पायाखाली बघा. कवींच्या ओळी कोरलेल्या चकत्या जमिनीत बसवल्या आहेत. लोक चालता चालता थबकतात, मान वाकवून वाचतात आणि मागून येणारा माणूस त्यांना वळसा घालून जातो. कुणी कुणाला हटकत नाही.

गल्लीच्या पलीकडे सिटी लाइट्स. लॉरेन्स फर्लिंगेटी आणि पीटर मार्टिन यांनी १९५३ मध्ये काढलेलं पुस्तकाचं दुकान. या गल्लीची रुंदी मी पावलांनी मोजली. माझी दहा-बारा पावलं भरली. इकडे दारू, तिकडे पुस्तकं. इकडे बोलायचं, तिकडे छापायचं. अमेरिकेच्या कवितेतलं केवढं तरी एवढ्याशा अंतरात घडलं आहे.

१९५५ च्या ऑक्टोबरात शहरातल्या सिक्स गॅलरी नावाच्या जागेत पाच तरुण कवींनी कविता वाचल्या. त्या रात्री ॲलन गिन्सबर्गनं 'हाउल' पहिल्यांदा लोकांसमोर वाचली. केरुअॅकनं श्रोत्यांत वर्गणी काढली आणि वाइनचे मोठाले बुधले विकत आणले. गॅलरीकडे जाता जाता केरुअॅकचा मित्र नील कॅसडी या बारमध्ये थांबला होता, असं इथं सांगतात, आणि बीट मंडळींचं, म्हणजे या बंडखोर लेखक-कवींच्या गटाचं, इथं येणं तिथूनच मोजतात. पुढच्या वर्षी फर्लिंगेटीनं ती कविता छापली. १९५७ च्या मार्चमध्ये कस्टम्सनं तिच्या ५२० प्रती अडकवल्या. जूनमध्ये पोलिसांनी दुकान सांभाळणाऱ्या शिग मुराओला पकडलं. फर्लिंगेटीवरही अश्लील साहित्य विकल्याचा खटला चालला. ३ ऑक्टोबरला न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांनी निकाल दिला: कविता अश्लील नाही.

हे वाचताना मराठी माणसाला मर्ढेकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्याआधी काही वर्षं आपल्याकडे 'काही कविता'वर असाच खटला चालला होता आणि मर्ढेकर निर्दोष सुटले होते. त्यांच्या शेजारी असा बार नव्हता, अशी गल्ली नव्हती. ते सगळं त्यांनी किती एकट्यानं सोसलं असेल, याचा विचार मी या गल्लीत उभी असताना पहिल्यांदा केला.

(दृश्य: बारचं दार. आत अंधार, मग हळूहळू दिवे.)

चला, आत जाऊ.

बाहेरच्या उजेडातून आल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही. मग लाकडी बार दिसतो, रंगीत काचांचे दिवे दिसतात आणि त्यानंतर भिंती. भिंतींवर रिकामी जागाच नाही. फोटो, पोस्टकार्डं, जुनी कात्रणं, चित्रं, एकावर एक. पाट्या तर जिकडेतिकडे. दारावरची एक म्हणते की आम्हाला ओरेगॉनमधल्या पोर्टलंडहून कधी एकदा निघतो असं झालंय. गल्लीकडच्या भिंतीवर एक लांबलचक वाक्य रंगवलं आहे. टोळाची सावली रानउंदराच्या वाटेवर पडली, पश्चिमेला लाल सूर्य उगवला, धनुष्य ताणून एक योद्धा नेम धरून उभा राहिला, की समजावं, आणखी एका मार्टिनीची वेळ झाली.

बारमागच्या बाईंना मी विचारलं, काय घेऊ? जॅक केरुअॅक नावाचं पेय इथं प्रसिद्ध आहे: रम, टकीला, संत्र्याचा आणि क्रॅनबेरीचा रस, लिंबू. मी बोहेमियन कॉफी घेतली. ब्रँडी, आमारेत्तो आणि लिंबाच्या सालीची एक वळी. गोड आहे, घशाखाली ऊब देत उतरते.

(दृश्य: काचेतून दिसणारा रस्ता, येणारे-जाणारे.)

रस्त्याकडच्या या काचेची एक गोष्ट आहे.

१९५८ च्या एप्रिलमध्ये हर्ब केन या स्तंभलेखकानं 'बीटनिक' हा शब्द काढला. स्पुटनिक आकाशात जाऊन सहा महिने झाले होते, तिथलं शेपूट त्यानं उचललं. शब्द गाजला आणि नॉर्थ बीचमध्ये प्रवाशांच्या बसगाड्या येऊ लागल्या. लोकांना 'बीटनिक' बघायचे होते. तेव्हा व्हेसुव्हिओनं वॉली हेड्रिक या चित्रकाराला पैसे देऊन काचेमागे बसवलं. दाढी, उंच गळ्याचा स्वेटर, पायात सँडल. तो तिथं बसून हाताला येईल ते चित्र काढायचा आणि बाहेर लोक बघत उभे राहायचे. सिक्स गॅलरी सुरू करणाऱ्यांपैकी एक तो हेड्रिक हाच.

मला या गोष्टीनं अस्वस्थ केलं. ज्यानं त्या कवितेसाठी जागा उभी केली, त्याला तीनच वर्षांत काचेमागे नमुना म्हणून बसावं लागलं. पण त्याच्या हातात पेन्सिल होती, आणि त्या कामातून त्याला पैसे मिळत होते. कलावंताला भाडं भरावं लागतं. मीही आज कॅमेरा घेऊन आले आहे, त्या बसगाड्यांतून उतरणाऱ्या लोकांसारखीच. म्हणून ठरवलं, आज फक्त चित्रीकरण करून निघायचं नाही. बसायचं.

(दृश्य: लाकडी जिना. वरचा मजला, कठड्यावरून खाली दिसणारा बार.)

वर जायला अरुंद जिना आहे. वरच्या माडीवर काही टेबलं, एक बाक 'स्त्री मानसोपचारतज्ज्ञांसाठी राखीव' अशी पाटी लावलेला, आणि गल्लीकडे उघडणाऱ्या खिडक्या. १९६० मधली एक संध्याकाळ इथं अजून सांगितली जाते. केरुअॅकला त्या दिवशी दक्षिणेकडे समुद्रकाठच्या बिग सरला जाऊन कादंबरीकार हेन्री मिलरला भेटायचं होतं. मिलर जेवणासाठी थांबले होते. केरुअॅक फोन करत राहिला, निघतोच आहे, थोडा उशीर होईल. आणि रात्रभर इथंच पीत बसला. दोघांची भेट झाली नाही. ही गोष्ट लोक हसत सांगतात, मला तिच्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. पुढच्या नऊ वर्षांत दारूनंच त्याला नेलं. वय ४७. या बारवर प्रेम करायचं तर ही बाजूही पाहायला हवी.

(दृश्य: खिडकीजवळचं टेबल. कप. एक वही.)

आता मी इथं का आले, ते सांगते.

फेब्रुवारी १९६२ मध्ये ॲलन गिन्सबर्ग मुंबईत उतरला. त्याचा जोडीदार पीटर ऑर्लोव्हस्की सोबत होता. मुंबईच्या मुक्कामात त्याची इथल्या तरुण कवींशी ओळख झाली. अशोक शहाणे, अरुण कोलटकर. म्हणजे ही गल्ली आणि आपली लघुनियतकालिकांची चळवळ यांच्यात प्रत्यक्ष माणसांचा धागा आहे. त्यातले कोलटकर पुढे काळा घोड्याला वेसाईड इन या उपाहारगृहात वर्षानुवर्षं बसले. गुरुवारी दुपारी मित्रांसोबत. खिडकीतून समोरचा चौक, तिथली माणसं, कुत्री, कावळे, इडली विकणारी बाई बघत. त्यातून काळा घोड्यावरच्या इंग्रजी कविता झाल्या. २००४ मध्ये त्या पुस्तकरूपात आल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले.

नव्वदच्या दशकात मी एल्फिन्स्टन कॉलेजात होते. वेसाईड इन रस्त्यापलीकडे, ऱ्हिदम हाउसच्या शेजारी. तीन वर्षं मी त्या दारावरून गेले आणि एकदाही आत गेले नाही. वाटायचं, ही मोठ्या लोकांची जागा, आपल्याला कोण बसू देणार. आत कोण बसलंय, हेही ठाऊक नव्हतं. कविता हातात आल्या तेव्हा मी अमेरिकेत होते आणि वेसाईड इन बंद झालं होतं. ते टेबल, ती खिडकी, काहीच आता नाही. ही चुकामूक मला आजही टोचते.

म्हणून या बारच्या उंबऱ्यावर मी थांबले नाही. लनुआरनंतर मालक बदलले, पण बार बारच राहिला. समोरच्या सिटी लाइट्सला २०२० च्या टाळेबंदीत बंद पडायची भीती होती. त्यांनी तीन लाख डॉलर मागितले, वाचकांनी त्याहून जास्त दिले. फर्लिंगेटी तेव्हा शंभरी ओलांडलेले होते. पुढच्या फेब्रुवारीत, १०१ व्या वर्षी, ते गेले. आपलं दुकान टिकलेलं त्यांनी पाहिलं.

(दृश्य: खिडकीतून गल्ली. दिवे लागले आहेत.)

माझी कॉफी संपून बराच वेळ झाला. खालच्या बाई एकदा वर येऊन रिकामे ग्लास घेऊन गेल्या. मला काही विचारलं नाही, बिलही ठेवलं नाही. मी कॉलेजातल्या एका मैत्रिणीला पत्र लिहायला घेतलं. ती आणि मी रोज वेसाईड इनवरून एकत्र चालत जायचो. तिला या खिडकीबद्दल, या पाट्यांबद्दल, खाली वाकून ओळी वाचणाऱ्या माणसांबद्दल लिहीत होते.

दुसऱ्या पानावर असताना एक मुलगा जिना चढून आला. वीस-बावीस वर्षांचा, काखेत वही. माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, इथं कुणी आहे का? मी म्हटलं, नाही, बस. त्यानं वही उघडली.

कॅमेरा मी इथे बंद केला.