आधी खरवड, मग मलम

(दृश्य: ठाणे स्टेशनजवळचं एक मेडिकल. बाहेर जुलैचा पाऊस. काउंटरवर पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब.)

"हीच द्या अजून एक."

पावसाळ्यात मेडिकलवाल्याला हे वाक्य नवीन नाही. ट्यूब नायट्याची. चिठ्ठी नाही. कुणी सांगितली म्हणून विचारलं, तर बहुधा मेव्हण्याने किंवा ऑफिसातल्या मित्राने.

ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं भिंगाखाली धरू. क्लोबेटासोल, ऑफ्लोक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. पहिलं स्टेरॉइड, तेही लावायच्या स्टेरॉइडांतलं सगळ्यात जहाल. दुसरं जिवाणूंवरचं. तिसरं एरवी पोटातल्या अमिबावर देतात. जांघेत त्याचं काय काम, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. बुरशीवरचं काय ते चौथं. आणि नायटा, म्हणजेच गजकर्ण, ही बुरशी.

चट्टा उठतो, खाज सुटते, ट्यूब लावली जाते. दोन दिवसांत लाली उतरते आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात लाली आणि खाज म्हणजे बुरशीशी झगडणाऱ्या कातडीची आरडाओरड. स्टेरॉइड ती आरडाओरड बंद करतं, चोर घरातच राहतो. ट्यूब थांबवली की आठवड्याभरात चट्टा परत येतो, या वेळी पसरून. पुन्हा ट्यूब, पुन्हा तेच.

(दृश्य: मांडीवरचा चट्टा जवळून. एका वर्तुळात दुसरं वर्तुळ.)

साधा नायटा ओळखायला सोपा असतो: कडा उचललेली, लालसर, खवले धरलेली, मधला भाग निवळलेला. स्टेरॉइड खाल्लेल्या नायट्याची कडाच पुसट होते. कधी वर्तुळात वर्तुळ उमटतं, कधी नुसता तपकिरी पट्टा दिसतो, आणि अनुभवी नजरही इसब म्हणून फसते. जांघेतली कातडी पातळ. तिथे महिनोन्‌महिने हे मलम चोळलं की पोटावर बाळंतपणानंतर पडतात तसे पांढुरके वळ पडतात. बुरशी गेली तरी ते वळ जात नाहीत.

२०१८ साली स्टेरॉइडची डझनाहून अधिक मलमं अनुसूची 'एच'मध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते आपण बघतोच.

(दृश्य: कळव्याकडे जाणारी लोकल. ओल्या जीन्स, छत्र्यांचं पाणी.)

बुरशीला हवी ऊब, ओल आणि घासणारी कातडी. ठाणे-वाशी किंवा पनवेल लोकलमध्ये भिजलेली जीन्स तासभर अंगावर, मग एसी ऑफिसात ती तशीच सुकणार. घरी दोरीवर चार दिवस न वाळलेल्या, कुबट वासाच्या चड्ड्या. आणि कमरेचा करदोडा. आंघोळ झाली की सगळं अंग पुसलं जातं, करदोडा ओलाच राहतो आणि त्याच्याच रेषेत चट्टे फिरतात. उपचार चालू असेपर्यंत तो काढून ठेवावा, असं डॉक्टर स्पष्ट सांगतात. आजीला पटवणं हा वेगळा विषय.

नायटा हटत नाही याचं दुसरं कारण बुरशीतच आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या एका प्रकाराला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. टर्बिनाफिन ज्या प्रथिनावर घाव घालतं, त्याच्या जनुकात या बुरशीत बरेचदा बदल झालेला असतो. म्हणून दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जाणारा नायटा आता तेवढ्यात जात नाही.

(दृश्य: ओपीडीच्या मागची छोटी प्रयोगशाळा. काचपट्टी, ब्लेड, स्पिरिटचा दिवा.)

निदानाची चाचणी जुनी, स्वस्त आणि जवळपास न दुखणारी. आधी चट्टा स्पिरिटने पुसतात. मलमाचा तेलकटपणा राहिला तर काचेखाली थेंबच थेंब दिसतात. मग ब्लेड काटकोनात धरून चट्ट्याची कडा खरवडायची. मध्यभाग नव्हे, कडा, कारण बुरशी बाहेरच्या बाजूला सरकत असते आणि मधली जागा तिने सोडलेली असते. पातेल्याच्या बुडाची खरवड काढावी तितक्याच हलक्या हाताने. रक्त आलं तर जोर जास्त झाला. पडणारे खवले काळ्या कागदावर घेतात, म्हणजे दिसतात.

खवले काचपट्टीवर, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, वर झाकणकाच. हे द्रावण कातडीच्या पेशी विरघळवतं आणि बुरशीच्या तंतूंना हात लावत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. घाई असेल तर पट्टी दिव्यावरून हलकेच फिरवायची, पण उकळू द्यायचं नाही. उकळलं की स्फटिक धरतात आणि सगळा गोंधळ.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातलं चित्र.)

आधी १०च्या भिंगाने शोधायचं, मग ४०च्या भिंगाने खात्री करायची. हे बघा: लांब, चकाकणारा, फांद्या फुटलेला तंतू, मध्ये मध्ये आडव्या भिंती. तो पेशींच्या रेषा न जुमानता सरळ आरपार जातो. नवशिका इथेच फसतो, कारण पेशींच्या कडांना चिकटलेली चरबीही जाळीसारखी दिसते. पण ती पेशींच्या सीमेवरूनच वळणं घेते. कपड्याचा धागाही तंतूसारखा भासतो, मात्र त्याला अशा भिंती नसतात.

चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे बुरशी नाहीच, असंही नाही. नुकतंच बुरशीचं मलम लावलं असेल तर तंतू न सापडण्याची शक्यता असते. म्हणून ओपीडीला जाताना त्या दिवशी काही लावू नका, आणि घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. अर्ध्या पिळलेल्यासुद्धा. त्यातून डॉक्टरांना तुमच्या तोंडी माहितीपेक्षा जास्त कळतं.

उपचारात चुकतं ते प्रमाणात आणि मुदतीत. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मलम चट्ट्यावरच नव्हे, कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. लोक नेमके तिथेच सोडतात. पसरलेल्या नायट्याला पोटातून गोळ्या लागतात, आणि आता त्या चार-आठ आठवडे किंवा अधिकही चालतात. इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. पित्ताच्या गोळीसोबत घेतली तर ती नीट अंगी लागत नाही, कारण तिला पोटातलं आम्ल हवं असतं. हृदयाचा किंवा यकृताचा त्रास असेल तर आधी सांगायचं.

कपडे उलटे करून उन्हात. ऊन नसेल तर वाळल्यावर शिवणीवरून गरम इस्त्री. टॉवेल ज्याचा त्याचा.

(दृश्य: तुर्भ्यातली कामगारांची खोली. आठ अंथरुणं, एक खिडकी.)

खाज रात्री वाढते आणि खोलीतले सगळेच खाजवतात. ही खरूज. बोटांच्या बेचक्यात, मनगटात, काखेत, बेंबीभोवती, पुरुषांच्या लिंगावर बारीक पुटकुळ्या. कारण अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किडा. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ खणून अंडी घालते. एरवी पूर्ण अंगावर असे दहा-पंधराच किडे असतात. खाज किड्यांमुळे कमी आणि त्यांच्या विरुद्धच्या ॲलर्जीमुळे जास्त. म्हणूनच पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार-सहा आठवडे जातात, आणि तोवर माणूस ती वाटत फिरतो.

बीळ डोळ्यांना सापडत नसेल तर एक जुनी युक्ती: पुटकुळीवर शाई पेनची शाई लावायची आणि स्पिरिटने पुसायची. बिळात शिरलेली शाई नागमोडी रेघ होऊन मागे उरते.

खरजेवरचं मलम म्हणजे पर्मेथ्रिन ५ टक्के. मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब एका वेळी. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, नितंबांच्या घडीत, सगळीकडे. ८ ते १४ तास ठेवून धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा. जेवायला हात धुतले की हातांना परत लावायचं. हे न केल्याने बोटांच्या बेचक्यातले किडे वाचतात. आणि खोलीतल्या आठही जणांनी एकाच रात्री, ज्याला खाज नाही त्यानेही. एकाने आज, दुसऱ्याने पगार झाल्यावर, असं झालं की खरूज खोलीभर फिरत राहते. चादरी गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते. ती औषध फसल्याची खूण नाही. त्या घाबरगुंडीत रोज पर्मेथ्रिन चोपडलं तर कातडी जळून नवीच खाज सुरू होते.

(दृश्य: घोडबंदर रोडवरचं बांधकाम. ओल्या सिमेंटमध्ये हात.)

सगळी खाज जंतूंची नसते. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी, शिवाय त्यात क्रोमेट, म्हणजे क्रोमियमचे क्षार. आधी कातडी फुटते, मग क्रोमेटची ॲलर्जी बसते. रबरी हातमोजा घातला आणि आत सिमेंट गेलं, तर हातमोजा नसलेला बरा. शंका असेल तर पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि पुन्हा ९६ तासांनी बघतात, कारण ही ॲलर्जी सावकाश उमटते. घामाने पट्ट्या सुटतात, त्यामुळे शक्यतो पावसाळा टाळलेला बरा.

फिकट डाग हा आणखी एक गोंधळ. छाती-पाठीवर बारीक कोंडा सुटणारे डाग म्हणजे शिबं. तीही बुरशीच, पण नायट्यापेक्षा वेगळी. ती मेली तरी रंग भरायला महिने लागतात. दुधासारखा पांढराशुभ्र, अंधाऱ्या खोलीत वूड्सच्या (अतिनील किरणांच्या) दिव्याखाली झळाळणारा डाग म्हणजे कोड. तो संसर्गजन्य नाही.

(दृश्य: रुग्णाचे डोळे मिटलेले. दंडावर फिकट चट्टा. कापसाची टोकदार वात.)

आणि हा तिसरा. फिकट, किंचित कोरडा, खाज नाही, दुखत नाही. म्हणून वर्षभर कुणी पाहिलेलाही नाही. डॉक्टर कापसाची वात आधी चांगल्या कातडीला टेकवतात, मग चट्ट्याला. "लागलं की तिथे बोट ठेवा." चांगल्या कातडीवर बोट अचूक पडतं. चट्ट्यावर वात टेकते, हात जागचा हलत नाही. हा कुष्ठरोग. गोळ्यांचं पाकीट सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. चट्टे आणि बाधित नसा किती यावर सहा किंवा बारा महिने घ्यायचं. हाताची नस बधिर होण्याआधी सुरू झालं, तर बोटं वाकडी होत नाहीत.