जेवणाच्या सुट्टीतला मीटर

[दृश्य: शिवण विभाग. सुट्टीची घंटा. कारागीर बाहेर पडतात.]

सुट्टी झाली. हात थांबले, घरघर थांबली नाही. जुन्या शिवणयंत्रांच्या टेबलाखाली क्लच मोटर असते. पायडल दाबा, न दाबा, ती फिरतच राहते. सर्व्हो मोटर मात्र टाका घालतानाच चालते. कारखान्याला ऊर्जा वापरण्याची शिस्त कितपत आहे, ते याच अर्ध्या तासात कळते. भिंतीवरचे 'वीज वाचवा' फलक नंतर पाहिले तरी चालतील.

विभागवार मीटरची नोंद पाळी भरात असताना, जेवणाच्या सुट्टीत, पाळी बदलताना आणि कारखाना बंद असेल त्या दिवशी घ्यावी. आधी कळवू नये. कळवले की तेवढ्या दिवसापुरते सगळे नीटनेटके होते.

[दृश्य: कॉम्प्रेसर खोली]

हवा वापरणारी सगळी यंत्रे बंद, फक्त कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून पाइपातून पुरवणारे यंत्र, चालू. आता घड्याळ लावा. तो २ मिनिटे लोडवर (हवा भरत) आणि ३ मिनिटे अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरत) जात असेल, तर ५ पैकी २ मिनिटे, म्हणजे क्षमतेचे ४० टक्के, निव्वळ हवेच्या गळतीला जातात. चांगल्या देखभालीत हा आकडा १० टक्क्यांच्या आत राहतो. वेग बदलणाऱ्या कॉम्प्रेसरला ही रीत चालत नाही. तिथे मीटरवर किलोवॉट पाहावेत. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरचे एक भोक सुमारे ३ किलोवॉट खाते.

त्या भोकाचा फुसफुसाट अख्ख्या विभागाला ऐकू येत असतो. तरी ते बुजत नाही. का?

इथे प्रश्नावली लागते, आणि बहुतेक प्रश्नावल्या इथेच फसतात. 'ऊर्जाबचत महत्त्वाची वाटते का?' याला सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी विचारावे: शेवटची गळती कोणाला सांगितली? ती किती दिवसांनी दुरुस्त झाली? यंत्र बंद करायला कोणाची परवानगी लागते? नाव लिहून घेऊ नये, सुपरवायझर शेजारी नसावा. मग उत्तरे दुरुस्तीच्या वहीशी ताडून पाहावीत.

[दृश्य: स्टेंटर, बाहेर येणारे कापड]

असे दुर्लक्ष का होते, ते स्टेंटरवर, म्हणजे ओले कापड ताणून गरम हवेने सुकवणाऱ्या यंत्रावर, फार स्पष्ट दिसते. सुती कापड साधारण ८ टक्के ओलावा हवेतून आपसूक धरते. तरी ते २-३ टक्क्यांपर्यंत सुकवले जाते. ८ टक्क्यांच्या खाली सुकवण्याचा सगळा इंधनखर्च वाया, कारण थोड्याच वेळात कापड तो ओलावा परत घेते. ऑपरेटर वेग का वाढवत नाही? कापड ओले निघाले तर तक्रार त्याच्या नावावर येते. इंधनाचे बिल कोणाच्याच नावावर येत नाही. ओलावा मोजणारा सेन्सर बसवूनही तो बघितला जात नाही, त्याचे मूळ इथे आहे.

प्रत्येक चालू यंत्र म्हणजे निष्काळजीपणा, असेही नाही. रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातणारे यंत्र, थांबवून पुन्हा सुरू केली की धागे तुटतात. माग थांबला की कापडावर पट्टा उमटू शकतो. हवा दमट ठेवणारी आर्द्रता यंत्रणा बंद केली तर सूत कोरडे पडते. तपासणाऱ्याने हे विभाग 'बंद करता न येणारे' म्हणून वेगळे लिहावेत, नाहीतर पहिल्याच बैठकीत जुने जॉबर (विभागातले मुकादम) अहवाल बाजूला ठेवतील. तिथला प्रश्न वेगळा: आर्द्रता यंत्रणेचा पंखा पूर्ण वेगाने हवाच का? वेग २० टक्के घटला की वीज जवळजवळ निम्मी होते.

[दृश्य: पाइपवर लटकलेली चिठ्ठी]

प्रत्येक गळतीवर तारखेची चिठ्ठी बांधावी. ३ महिन्यांनी, पुन्हा न कळवता, त्याच चिठ्ठ्या मोजाव्यात.