पेला कोणाच्या हातचा?

श्रोतेहो, नमस्कार.

‘अभक्ष्यभक्षण’ आणि ‘अपेयपान’ हे दोन शब्द आपल्याकडे जोडीनेच उच्चारले जातात. मांस आणि मद्य ही एकाच दोषाची दोन अंगे आहेत, अशी समजूत त्या जोडीमागे असते. ती समजूत बरोबर घेऊन कोणी ज्यू धर्मशास्त्र वाचायला बसला, तर तो लवकरच अडखळेल, कारण तिथे अभक्ष्याची यादी चांगली लांबलचक आहे आणि अपेयाची जवळजवळ नाहीच.

यादी मुख्यतः बायबलच्या जुन्या करारातल्या ‘लेवीय’ या ग्रंथाच्या ११ व्या अध्यायात आहे. जो पशू रवंथ करतो आणि ज्याचे खूर दुभंगलेले असतात, तो खाण्यास योग्य. उंट रवंथ करतो, पण त्याचे खूर नियमात बसत नाहीत. डुकराचे खूर दुभंगलेले असतात, पण ते रवंथ करत नाही. म्हणून दोन्ही वर्ज्य. जलचरांपैकी पर आणि खवले असलेलेच चालतात, म्हणजे कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या बाद. योग्य पशूचेही रक्त चालत नाही, कारण प्राण्याचा जीव रक्तात असतो. म्हणून मांस पाण्यात भिजवून, मीठ लावून, त्यातले रक्त निथळू द्यायचे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांमध्ये, तीनदा येते आणि तिच्यावरूनच पुढे मांस आणि दूधदुभते एका जेवणात न घेण्याचा नियम उभा राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणवले जाणारे बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू, हा नियम पाळत आले. नारळाच्या दुधावर शास्त्राची हरकत नसल्यामुळे त्यांच्या मटणाच्या रश्शाचे काही अडले नाही.

डुकराच्या मांसाने रोग होतात म्हणून ते वर्ज्य ठरले, असा खुलासा आपण पुष्कळदा ऐकतो. मला तो पटत नाही. ग्रंथ स्वतः आरोग्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ‘मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा’ एवढेच कारण तो देतो, आणि हिब्रू भाषेत पवित्र असणे म्हणजे वेगळे काढून ठेवलेले असणे.

आता द्राक्षारसाकडे येऊ. मराठी बायबलातला हा शब्द ऐकून डोळ्यांपुढे ताज्या रसाचा ग्लास येतो, पण इथे अभिप्रेत आहे ते आंबवलेले, चढणारे पेय. जलप्रलयानंतर नोहाने द्राक्षमळा लावला आणि पिऊन तो तंबूत उघडा पडला, हे ‘उत्पत्ति’ ग्रंथ आडपडदा न ठेवता सांगतो. तरीही मनुष्याचे अंतःकरण आनंदित करणारा द्राक्षारस ही देवाचीच देणगी आहे, असे १०४ वे स्तोत्र म्हणते. सेवेसाठी मंदिरात शिरणाऱ्या याजकाने पिऊ नये, एवढे बंधन आहे. नाजीर म्हणून व्रत घेणाऱ्याने तर द्राक्षारसच काय, मनुका, द्राक्षाची साल आणि बीसुद्धा तोंडात घालायची नाही. पण व्रत संपताना त्याला पापार्पण, म्हणजे पापाबद्दलचे अर्पण, करावे लागते, आणि ते कशासाठी, या प्रश्नाला तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या एका गुरूंनी दिलेले उत्तर असे, की देवाने दिलेल्या द्राक्षारसाला मुकून त्याने स्वतःला उगीच क्लेश दिले.

शब्बाथाचे, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनाचे, स्वागत द्राक्षारसाच्या पेल्यावर किद्दुश ही प्रार्थना म्हणून होते. मिसरातल्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या सणाला, वल्हांडणाच्या रात्री, चार पेले घ्यायचे असतात आणि ते दानधर्मातून मिळवावे लागले तरी अगदी गरिबालाही चारांपेक्षा कमी मिळू नयेत, असे सुमारे इसवी सन २०० मध्ये संकलित झालेली मिश्ना ही ज्यू नियमसंहिता बजावते. कोकणात असा द्राक्षारस कुठून मिळणार? बेने इस्राएलांनी मनुका भिजवून त्यांचे सरबत केले आणि किद्दुश चालू ठेवला. पुरीमच्या सणाला तर ज्यूंच्या नाशाचा कट रचणारा ‘शापित हामान’ आणि त्याला विरोध करणारा ‘धन्य मर्दखय’ यांतला फरक कळेनासा होईपर्यंत प्यावे, असे तालमुद सांगतो आणि लगेच एक गोष्ट जोडतो. रब्बा आणि रब्बी झेरा हे दोन गुरू पुरीमला एकत्र बसले, पिऊन तर्र झाले आणि त्या भरात रब्बाने रब्बी झेरांचा गळा चिरला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन त्याने प्रार्थना केली आणि मित्राला जिवंत करून घेतले. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा आमंत्रण दिले, तेव्हा रब्बी झेरा म्हणाले, ‘चमत्कार दर वेळी घडत नाही.’ नियम आणि त्यावरचा हा टोमणा एकाच पानावर ठेवणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीशी वाटते.

मग निषेध कुठे आहे? तो हातात आहे. मूर्तीपुढे ओतलेला द्राक्षारस वर्ज्य. पुढे परधर्मीयाने हाताळलेला साधा द्राक्षारसही वर्ज्य झाला. उकळलेला मात्र चालतो, कारण तो नैवेद्याच्या कामाचा राहत नाही. तालमुद कारणांची साखळीच देतो: त्यांच्या भाकरीवर आणि तेलावर बंदी आली ती द्राक्षारसामुळे, द्राक्षारसावर आली ती त्यांच्या मुलींमुळे, आणि मुलींवर आली ती मूर्तिपूजेमुळे. ‘रोटीबेटी व्यवहार’ हा शब्द ज्या भाषेत रुळला आहे, तिच्या श्रोत्यांना याहून जास्त सांगायला नको.

पहिल्या ख्रिस्ती मंडळींचे मोठे भांडणही नेमके पंगतीवरूनच झाले. येशू स्वतः ज्यू होता. काना गावच्या लग्नात त्याने पाण्याचा द्राक्षारस केला, तो सहा दगडी रांजण भरून, म्हणजे आजच्या मापाने साधारण ४५० ते ७०० लिटर. त्याला ‘खादाड व दारूबाज’ म्हणणारे लोक होतेच, आणि द्राक्षारसाला न शिवणाऱ्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला भूत लागले आहे, असे म्हणणारेही तेच होते. येशूचा शिष्य पेत्र याला यापो येथे दृष्टान्त झाला, त्यात सर्व प्रकारच्या प्राण्यांनी भरलेली चादर आकाशातून उतरली आणि ‘मारून खा’ अशी वाणी झाली. त्यानंतर तो कर्नेल्य या रोमन अधिकाऱ्याच्या घरी गेला. पण पुढे अंत्युखियात यरुशलेमहून माणसे येताच हाच पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे ज्यू नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला, आणि प्रेषित पौलाने त्याला सर्वांदेखत खडसावले. मध्यममार्ग म्हणून यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांवर आहाराची तीनच बंधने ठेवली: मूर्तीला वाहिलेले, रक्त, आणि गळा दाबून मारलेला प्राणी. करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिले, की बाजारातले मांस चौकशी न करता खा, पण ‘हे नैवेद्याचे आहे’ असे कोणी सांगितले तर त्याच्याखातर खाऊ नका. त्याच पत्रात, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, जमल्यावर एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो, म्हणून तो संतापतो.

रक्ताचा नियम दीर्घकाळ टिकला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने इसवी सन १९७ च्या सुमारास लिहिले आहे, की ख्रिस्ती माणसाची पारख करण्यासाठी लोक त्याच्यापुढे रक्त भरलेली आतडी ठेवतात, कारण तो ती खाणार नाही, याची त्यांना खात्री असते. अशा माणसांनी जो पेला पवित्र मानला, त्याला त्यांच्या गुरूने ‘माझे रक्त’ म्हटले होते. योहानाच्या शुभवर्तमानात, त्याचे रक्त पिण्याची भाषा ऐकून ‘हे वचन कठीण आहे’ असे म्हणत पुष्कळ शिष्य मागे फिरतात. रक्ताचा नियम अंगी मुरलेल्या माणसांना ते तसे वाटणे अगदी स्वाभाविक होते.

त्याच कार्थेजमध्ये, तर्तुलियननंतर सुमारे ५० वर्षांनी, काही ख्रिस्ती लोक सकाळच्या उपासनेत द्राक्षारसाऐवजी नुसते पाणी वापरू लागले. छळाचे दिवस होते आणि सकाळी तोंडाला येणाऱ्या वासावरून आपण पकडले जाऊ, ही त्यांची भीती होती. बिशप सिप्रियनने यावर एक लांब पत्र लिहिले. पेल्यात द्राक्षारस हवा आणि त्यात पाणीही मिसळलेले हवे, असे त्याने शास्त्रवचने देऊन मांडले. आणि ख्रिस्ताचे रक्त प्यायला आपण लाजतो, तर ख्रिस्तासाठी आपले रक्त कसे सांडणार, असे विचारले. इसवी सन २५८ मध्ये रोमन अधिकाऱ्यांनी त्याचा शिरच्छेद केला.