दोन पदव्यांचं वेळापत्रक

नमस्कार मंडळी. विषय फलकावर लिहिलाच आहे: फिजिक्स आणि इंजिनिअरिंग या दुहेरी पदवीचं नियोजन. बरेच जण वही उघडून बसलेले दिसतायत. वही तूर्त मिटा, नियोजनाकडे मी शेवटी येणार आहे. त्याआधी हा उद्योग कशासाठी करायचा ते मला बोलायचंय, कारण ते कुणी विचारतच नाही. सगळे विचारतात, ‘दोन डिग्र्या असल्या की नोकरी पक्की ना?’ नोकरी देणारा दोन पगार देत नाही, एवढं लक्षात ठेवा. (हशा)

माझं म्हणणं साधं आहे. समीकरणातलं कुठलं पद टाकून दिलं तर चालतं हे इंजिनिअरिंग शिकवतं. टाकलेलं पद कधी डोकं वर काढेल हे फिजिक्स सांगतं. दोन्ही एकाच डोक्यात नसतील तर काय होतं, याचा माझा आवडता किस्सा अटलांटिकच्या तळाशी पडलाय.

साल 1858. आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकायची होती. कंपनीचे मुख्य इलेक्ट्रिशियन होते वाइल्डमन व्हाइटहाउस, मूळचे शल्यचिकित्सक. कंपनीच्या संचालकांत भौतिकशास्त्रज्ञ विल्यम टॉमसन, पुढे ज्यांना आपण लॉर्ड केल्विन म्हणून ओळखतो. टॉमसननी चारेक वर्षं आधीच गणित मांडलं होतं. केबलमधला सिग्नल फूरियेच्या उष्णतेच्या समीकरणाप्रमाणे पसरतो. लांबी वाढली की रोधही वाढतो आणि धारकताही, म्हणजे विद्युतभार साठवून धरायची क्षमता, म्हणून विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट, विलंब चौपट. उपाय काय? तांब्याची तार जाड करा, भोवतीचं आवरण जाड करा. व्हाइटहाउसना हे पटलं नाही. माझे प्रयोग हा वर्गाचा नियम खोटा ठरवतात, असं त्यांनी जाहीर सांगितलं. आणि जाड तार महाग! संचालक मंडळाला कुणाचं म्हणणं गोड लागलं असेल, सांगायला नको.

ऑगस्टमध्ये केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला 16 तास लागले. म्हणजे तासाला सहा शब्द. मी त्या वेगाने बोललो असतो तर ‘नमस्कार मंडळी’लाच वीस मिनिटं गेली असती. (हशा) तुम्ही हसताय, पण तेव्हा आतषबाजी झाली होती! मग सिग्नल क्षीण व्हायला लागला, तेव्हा व्हाइटहाउसनी जोर वाढवला. पाच फुटी इंडक्शन कॉइल, म्हणजे व्होल्टेज चढवणारं वेटोळं, लावून सुमारे 2000 व्होल्ट. आता पुढच्या रांगेतल्या कुणीतरी सांगा, व्होल्टेज वाढवून पसरलेला सिग्नल आवळला जाईल का? ... बरोबर, नाही. समीकरण रेषीय आहे. व्होल्टेज दसपट केलंत तर सिग्नल दसपट मोठा होतो आणि पसरायचा तितकाच पसरतो. केबल मुळातच सदोष होती हे खरं, पण त्या व्होल्टेजने तिचं आवरण लवकर गेलं. तीनेक आठवड्यांत सगळं गप्प.

टॉमसन मात्र नुसतं समीकरण मांडून घरी बसले नव्हते. ते जहाजावर गेले. मंद प्रवाह टिपणारा आरशाचा गॅल्व्हानोमीटर त्यांनी बनवला. बाजारातल्या तांब्याची वाहकता नमुन्यागणिक बदलते हे त्यांनी मोजून दाखवलं आणि कारखान्यातच तपासणी व्हावी म्हणून आग्रह धरला. 1866 साली चाललेल्या केबलमध्ये तांबं जवळजवळ तिप्पट होतं. समीकरण आणि तांबं, दोन्ही एकाच माणसाच्या हातात होतं. मी दुहेरी पदवी म्हणतो ती ही.

आता कुणीतरी हात वर करणारच, म्हणून आधीच सांगतो. टॉमसनच्या समीकरणातही एक पद गाळलेलं होतं, प्रेरकत्वाचं, म्हणजे प्रवाह बदलायला तार जो विरोध करते त्याचं. ते घालून पूर्ण समीकरणं दिली ऑलिव्हर हेविसाइडने, आणि हेविसाइडकडे दोनच काय, एकही पदवी नव्हती. माझ्या व्याख्यानाला हा माणूस अत्यंत गैरसोयीचा आहे. (हशा)

सोयीची माणसंही आहेत. क्वांटम सिद्धांत घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या डिरॅकने 1921 मध्ये ब्रिस्टलला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग पूर्ण केलं. मंदीत नोकरी मिळेना, तेव्हा तिथेच राहून गणिताचा अभ्यास केला. अचूक समीकरणांचा हट्ट सोडायला इंजिनिअरिंगने शिकवलं, असं तो पुढे सांगत असे. तुळईच्या एका बिंदूवर भार ठेवायची सवय असलेल्या माणसाला डेल्टा फंक्शनची, म्हणजे सगळं एकाच बिंदूवर एकवटलेल्या त्याच्या फंक्शनची, भीती वाटेल कशाला? जॉन बार्डीनची पहिली पदवी इलेक्ट्रिकलची, डॉक्टरेट गणिती भौतिकीत, आणि फिजिक्सचं नोबेल दोनदा: 1956 आणि 1972. फिजिक्सचं नोबेल मिळवलेले आणखी दोघे: विग्नर केमिकल इंजिनिअर. गियेव्हर मेकॅनिकल.

इतकी नावं डोळ्यांपुढे असताना विभाग कसे वागतात? नाव न घेता सांगतो. एका विद्यार्थिनीने फिजिक्स विभागात उष्मागतिकी उत्तम गुणांनी पार केली होती. इंजिनिअरिंगवाले म्हणाले, आमच्याकडे पुन्हा बसा. का? तर तिकडे ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता अधिक कार्य, आणि इकडे उष्णता उणे कार्य. एका चिन्हासाठी अख्खं सेमिस्टर! अहो, एक जण प्रणालीवर केलेलं कार्य मोजतो, दुसरा प्रणालीने केलेलं. निसर्गाला काही फरक पडत नाही, फक्त समितीला पडतो. मी त्या बैठकीत होतो, दीड तास भांडलो. मग विषय निघाला वर्गमूळ उणे एकचा. त्याला फिजिक्समध्ये आय म्हणतात, इलेक्ट्रिकलमध्ये जे, कारण तिथे आय प्रवाहासाठी राखून ठेवलाय. त्यावरून चर्चा आणखी...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? सात. बरं, वह्या उघडा.

विषय किती उरलेत ते मोजू नका, साखळी किती लांब आहे ते मोजा. कॅल्क्युलस, त्यावर अवकल समीकरणं, त्यावर यांत्रिकी आणि विद्युतचुंबकत्व, त्यावर क्वांटम, मग सांख्यिकी भौतिकी. इलेक्ट्रिकलची साखळी वेगळी: सर्किट, सिग्नल, कंट्रोल, मग प्रकल्प. सेमिस्टरला एक विषय जास्त घेऊन संख्या रेटता येते, साखळी रेटता येत नाही. म्हणून शेवटच्या सेमिस्टरपासून मागे मागे येत तक्ता भरा. वर्षातून एकदाच शिकवले जाणारे विषय लाल शाईने लिहा, कारण त्यातला एक हुकला की पदवी वर्षभर लांबते.

कुठले क्रेडिट दोन्ही पदव्यांत धरले जातात, आणि दुसऱ्या पदवीसाठी वेगळे किती लागतात, हे दोन्ही विभागांकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारे प्राध्यापक रजेवर जातात. पहिल्या वर्षाचं गणित, फिजिक्स आणि प्रोग्रामिंग बहुधा सामाईक असतं. पुढे इलेक्ट्रिकलचा फिजिक्सशी मेळ सर्वांत जास्त, मग मेकॅनिकलचा. सिव्हिलचा कमी.

तीन प्रयोगशाळा एका सेमिस्टरमध्ये नकोत. एकीचे अहवाल लिहिताना दुसरीचे राहतात. इंजिनिअरिंगचा अंतिम प्रकल्प आणि फिजिक्सचा प्रबंध एकाच वेळी येऊ देऊ नका, किंवा दोन मार्गदर्शकांखाली एकच प्रकल्प दोन्हीकडे मान्य होतो का ते विचारा. संशोधनाकडे जायचं असेल तर क्वांटम तिसऱ्या वर्षात व्हायलाच हवं, कारण पुढचे अर्ज शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच जातात आणि गुणपत्रिकेत तोवर झालेलंच दिसतं. सुट्ट्या वाटून घ्या, एक उद्योगात, एक प्रयोगशाळेत.

रचना ठिकाणागणिक वेगळी असते. अमेरिकेत काही ठिकाणी तीन वर्षं एका कॉलेजात आणि दोन वर्षं दुसरीकडे, अशी योजना आहे. पिलानीच्या बिट्स या संस्थेत एमएस्सीला प्रवेश घेतलेल्यांना बी.ई.ची शाखा पहिल्या वर्षाच्या गुणांवर मिळते, तेव्हा तिथे पहिलं वर्ष हलकं घेऊन चालत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तक्ता पुन्हा काढा आणि विचारा: आज एक पदवी सोडली तर उरलेली वेळेत पूर्ण होते का? उत्तर ‘नाही’ असेल तर तक्ता तेव्हाच दुरुस्त करा. आणि इंजिनिअरिंग फिजिक्स नावाची एकच पदवी किंवा इंजिनिअरिंगबरोबर फिजिक्सचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, एवढ्यात तुमचं काम भागत असेल, तर दुसऱ्या पदवीपायी जाणारं पाचवं वर्ष वाचवा. हे मला सगळ्यात आधी सांगायचं होतं, केबलने वेळ खाल्ला.

संयोजक उभे राहिलेत, म्हणजे प्रश्नोत्तरं बाहेर. इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलवाल्यांनी आपापले तक्ते घेऊन या. सिव्हिलवाल्यांनी जरा जास्त वेळ काढून या, तुमच्याकडे सामाईक विषय कमी आहेत, त्यामुळे मागून भरायला लागलात की दुसऱ्याच वर्षात अडाल.