चिठ्ठीच्या मागची बाजू

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाच्या वाचनालयात एका वकिलानं दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

अध्यक्ष महाराज, सरपंचताई आणि दिवसभराची वेचणी आटोपून आलेल्या मंडळींनो,

मला विषय दिला आहे 'मुदत आणि हक्क'. पैसा, जमीन आणि रस्ता, या तीन गोष्टींवर बोलायचं ठरवून आलोय. जमिनीचं सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते शेवटी निवांत घेऊ. आधी पैसा, कारण कापसाचा हंगाम आहे आणि इथल्या निम्म्या लोकांच्या खिशात आत्ता व्यापाऱ्याची चिठ्ठी असेल. हसू नका, खिसा चाचपून बघा!

आपल्याच भागातले दोन भाऊ. वेगळे निघालेले, शेतं लागून, मधे एक धुरा. २०१२ च्या जानेवारीत दोघांनी एकाच दिवशी, एकाच व्यापाऱ्याच्या गाडीत कापूस घातला. थोरल्याचा १८ क्विंटल, धाकट्याचा १६. भाव ४,०००. चिठ्ठी म्हणजे काय, वहीचं फाडलेलं पान. वर तारीख, मग वजन, भाव, खाली सही. चुकारा कधी देणार ते लिहिलेलंच नाही. व्यापारी ओळखीचा, घरच्या लग्नात पंगतीला बसलेला. त्याला तारीख कोण विचारणार?

मग सुरू झालं. "देतो ना भाऊ, कुठं पळून चाललो का मी?" दिवाळी झाली, पाडवा झाला. २०१३ च्या पोळ्याला दोघं भाऊ त्याच्या घरी जाऊन बसले. त्यानं दोघांनाही पंधरा-पंधरा हजार दिले. धाकट्यानं मोजून खिशात घातले आणि घरी आला. थोरल्याची बायको मात्र सोबत गेली होती. ती म्हणाली, "चिठ्ठीच्या मांगं लिहून द्या. माह्या ध्यानात राहात नाही." त्यानं लिहून दिलं: 'दि. ४/९/२०१३, १५,००० दिले.' खाली आडवी सही. त्यानंतर दोन वर्षं पुन्हा बोलणी. गावात बैठक झाली, चार मोठी माणसं बसली, चहा झाला, "येत्या हंगामात नक्की" असं ठरलं. कागदावर काही नाही.

२०१५ च्या जुलैत दोघं माझ्याकडे आले. थोरल्याची चिठ्ठी रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली, घडीवर फाटत आलेली. मी आधी पुढची बाजू वाचली आणि मनात म्हटलं, संपलं. मग उलटून पाहिली. मंडळी, त्या मागच्या एका ओळीवर सत्तावन्न हजारांचा दावा उभा राहिला!

कायदा असा आहे. १९६३ चा मुदतीचा कायदा म्हणतो की माल उधार दिला आणि पैसे द्यायची तारीख ठरली नसेल, तर माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावायचा. म्हणजे जानेवारी २०१५ ला दोघांचीही मुदत सरली होती. पण कलम १९ प्रमाणे मुदत चालू असताना देणेकऱ्यानं काही रक्कम दिली, आणि ते त्याच्या हातानं किंवा सहीनिशी लिहिलेलं असेल, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मोजायची. थोरल्याला सप्टेंबर २०१६ पर्यंत वेळ मिळाला. दावा लागला, हुकूमनामा झाला, पैसे आले. धाकट्याला पैसे तेवढेच मिळाले होते, त्याच दिवशी, त्याच हातून. पण त्याच्या चिठ्ठीची मागची बाजू कोरी होती. तो म्हणाला, "साहेब, माहा कापूस काय येगळा होता का?" याला मी काय उत्तर देणार होतो?

काही जण म्हणतील, दावा लावून तर बघायचा, व्यापारी हजरच झाला नाही तर? तरी उपयोग नाही. कलम ३ न्यायालयावरच बंधन घालतं. समोरच्यानं मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी मुदतीबाहेरचा दावा न्यायाधीशानं फेटाळायचाच.

मुदत असूच नये असं मी म्हणत नाही. साक्षीदार मरतात, कागदाला वाळवी लागते, नातवानं आज्याच्या व्यवहाराचा जाब किती पिढ्या द्यायचा? माझं भांडण वेगळं आहे. उशीर माफ करण्याचं कलम ५ अपिलाला आहे, अर्जाला आहे, दाव्याला नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जम्मू-काश्मीर सरकारचं एक प्रकरण होतं. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याविरुद्ध सरकारचं अपील चार दिवस उशिरा आलं होतं. न्यायालयानं ते चार दिवस माफ केले आणि उशिराकडे उदारपणे बघा असं खालच्या न्यायालयांना सांगितलं. निकाल चांगलाच आहे, मी स्वतः तो दाखवून कित्येकांची अपिलं वाचवली आहेत. पण शेतकऱ्याचा चुकाऱ्याचा दावा एक दिवस उशिरा आला, तर देशातला कुठलाही न्यायाधीश तो दिवस माफ करू शकत नाही. आणि सरकारला स्वतःचा दावा लावायला? तीस वर्षं! हे मला पटत नाही. निदान शेतमालाच्या चुकाऱ्यापुरता तरी न्यायाधीशाला उशीर माफ करायचा अधिकार द्यायला हवा, असं मी बार असोसिएशनच्या बैठकांत मांडत आलोय आणि मांडत राहणार.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर गावानं एक करावं. बैठक झाली की उठण्याआधी एक ओळ लिहून घ्यायची: अमुक इतके देणे बाकी आहे, तारीख, देणेकऱ्याची सही. मुदत संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली की कलम १८ प्रमाणे नवी मुदत सुरू होते. बैठकीमुळे मुदत थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनं थांबत नाही, ठाण्यात तक्रार देऊन थांबत नाही. मोबाईलवरच्या 'हो देतो' वर विसंबून राहू नका. आणि कोरोनाचं विचारणाऱ्यांसाठी: १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयानं मोजणीतून वगळला होता, त्यानंतरचे दिवस नेहमीसारखेच धावताहेत.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं? बरं, पाच. मग जमीन भरभर सांगतो, पण नीट ऐका.

उधारीत मुदत गेली तरी देणं मरत नाही, फक्त न्यायालयाचं दार बंद होतं. व्यापाऱ्यानं उद्या आपणहून दिले तर घ्या, ते परत मागता येत नाहीत. बुडालेल्या देण्याबद्दल 'देईन' असं सहीनिशी नव्यानं लिहून दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५ खाली त्यावर दावाही चालतो. जमिनीचं तसं नाही. कलम २७ म्हणतं, ताब्याच्या दाव्याची मुदत संपली की त्या जमिनीवरचा हक्कच संपतो. शेजाऱ्यानं धुरा कोरून नांगराचे दोन तास आत घेतले, उघडपणे, मालक म्हणून, सलग बारा वर्षं वाहिले आणि तुम्ही गप्प राहिलात, तर गेले. मोजणी आणा, दावा लावा. मात्र बटईनं दिलेलं शेत बटईदाराचं होत नाही, कारण तो तुमच्या परवानगीनं वाहतो. भाऊ एकटा वाहतो म्हणून बहिणीचा हिस्साही आपोआप बुडत नाही. पण 'तुझं इथं काही नाही' असं तिला तोंडावर सांगितलं, की तिची बारा वर्षं सुरू होतात. तायांनो, हे लक्षात असू द्या. आणि पटवाऱ्याच्या फेरफारानं मालकी येत नाही, जातही नाही.

सौदाचिठ्ठी, म्हणजे जमीन विकायचा करार, केली असेल तर दाव्याला खरेदीच्या ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं. अज्ञानाची, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाची, जमीन पालकानं न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली असेल, तर तो अठरा वर्षांचा झाल्यापासून तीन वर्षं. गहाण सोडवायला तीस वर्षं, पण ताबा गहाण, म्हणजे गहाण घेणाराच शेत वाहत असेल, तर ती गहाणखताच्या तारखेपासून मोजत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये हे स्पष्ट केलंय. अवैध सावकारानं व्याजापायी जमीन खरेदी करून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

रस्ता राहिलाच. पांदण किंवा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांत जा. सहा महिने म्हणजे एक खरीपसुद्धा धड पुरा होत नाही. दांडगाईनं शेतातून काढलं असेल, तर मालकी न दाखवता नुसता ताबा परत मागण्याचा दावाही सहा महिन्यांतच.

वेळ संपला. कागद सोबत आणले असतील त्यांनी मागच्या खोलीत या, मी रात्री नऊच्या गाडीपर्यंत आहे. भांडण कसं झालं ते नंतर ऐकतो, आधी कागदावरची तारीख दाखवा. ज्यांची तीन वर्षं या महिन्यात भरताहेत, ते पहिले.