मोजणीत न आलेले डोळे

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रायन होल्डन यांचा जन्म १९४२ चा आणि निधन २०१५ चं. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले हे प्राध्यापक पेशाने ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्यांचा नंबर काढणारे. शस्त्रक्रिया त्यांचा प्रांत नव्हता. तरीही जगात कुणाला दृष्टिहीन म्हणायचं, या प्रश्नात त्यांच्या कामाचं वजन पडलं.

सुरुवात झाली कॉन्टॅक्ट लेन्सपासून. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. वर लेन्स बसवली की पुरवठा घटतो आणि कॉर्निया सुजतो. झोपेत पापणीही मिटलेली, त्यामुळे अडचण दुप्पट. लेन्समधून किती प्राणवायू गेला म्हणजे सूज येणार नाही, याचा आकडा होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये मांडला: दिवसा वापरायच्या लेन्ससाठी २४ एकक, रात्रभर ठेवायच्या लेन्ससाठी ८७. त्या वेळच्या मऊ लेन्समध्ये प्राणवायू पाण्यातून झिरपायचा, त्यामुळे ८७ गाठणं अशक्य होतं. सिलिकॉन मिसळल्यावर ते साधलं. अशा लेन्स १९९९ च्या सुमारास बाजारात आल्या. त्यांच्या संशोधनात होल्डन यांच्या संस्थेचा वाटा होता आणि त्या रॉयल्टीतून पुढे गरिबांच्या चष्म्याचं काम उभं राहिलं.

आता त्या मोजणीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे बरीच वर्षं एका विचित्र पद्धतीने निघत. डोळ्यापुढे योग्य नंबरची भिंग धरायची आणि मग किती दिसतं ते लिहायचं. म्हणजे उणे चारचा नंबर असलेला, पण चष्माच नसलेला शेतमजूर कागदावर निकोप ठरे. या हिशेबाने २००२ मध्ये जगात १६ कोटी १० लाख लोकांना दृष्टिदोष होता. माणूस जसा दारात आला तशीच त्याची नजर मोजायची, असं ठरवल्यावर निव्वळ चष्म्याअभावी नीट न दिसणारे आणखी १५ कोटी ३० लाख निघाले. त्यातले ८० लाख तर अंधत्वाच्या व्याख्येत बसत होते. हा अंदाज २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

यात चाळिशीचा, म्हणजे वयामुळे जवळचं दिसेनासं होण्याचा, हिशेब नव्हताच. तो होल्डन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी मांडला: चाळिशी लागलेले १०४ कोटी, त्यांपैकी ५१ कोटी ७० लाख लोकांकडे चष्मा नाही किंवा आहे तो पुरेसा नाही. २००९ मध्ये त्याच गटाने दूरच्या नंबरचा चष्मा नसल्याने बुडणारं उत्पादन वर्षाला सुमारे २६९ अब्ज आंतरराष्ट्रीय डॉलर धरलं. चष्म्याचं नाव काढलं की सरकारं ऐकत नाहीत, बुडीत पैशाचं ऐकतात, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. पुढे, २०१८ मध्ये, आसामच्या चहाच्या मळ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात जवळचा चष्मा मिळालेल्या कामगारांची पानं खुडण्याची क्षमता न मिळालेल्यांपेक्षा जवळजवळ २२ टक्क्यांनी जास्त वाढली.

ही ‘जशी आली तशी’ नजर मोजायची कशी? सहा मीटरचं अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. तक्ता डोळ्यांच्या उंचीवर, उजेड तक्त्यावर. मागे खिडकी असेल तर तिरीप डोळ्यांत जाऊन निकाल बिघडतो. माणूस रोज चष्मा लावत असेल तर लावूनच तपासा. आधी उजवा डोळा. डावा तळहाताने झाका, बोटांनी नको, फटीतून दिसतं. झाकलेला डोळा दाबूही नका, नंतर तोच धूसर पाहतो. डोळे बारीक केले तर थांबवा, कारण तसं केल्याने नंबर लपतो. शाळेत मुलांना अक्षरांऐवजी दिशा बदलणारा इंग्रजी ई द्या. रांगेतली मुलं तक्ता पाठ करतात, ई चा तक्ता फिरवता तरी येतो. ६/१२ ची ओळ, म्हणजे निकोप डोळा बारा मीटरवरून वाचतो ती, पाचपैकी चार चिन्हं ओळखून पार झाली पाहिजे.

नाही झाली, तर १.२ मिलिमीटरचं छिद्र असलेल्या काळ्या पट्टीतून पुन्हा वाचायला सांगा. छिद्रातून फक्त मधले किरण जातात, म्हणून नंबरचा धूसरपणा कमी होतो. दिसायला लागलं तर बहुधा चष्म्याचं काम. फरक पडला नाही तर मोतीबिंदू किंवा डोळ्यामागच्या पडद्याचा विकार असू शकतो, नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. चाळिशीसाठी ४० सेंटिमीटरवर बारीक मजकूर वाचून घ्या.

मुलांच्या बाबतीत एक खोच आहे. त्यांच्या डोळ्यातली नैसर्गिक भिंग जोर लावून फोकस बदलते. त्यामुळे अधिक, म्हणजे प्लस, नंबरचं मूल सहा मीटरची ओळ सहज वाचून जातं आणि यंत्र कधीकधी खोटा उणे नंबर दाखवतं. हा जोर सैल करणारे थेंब घालूनच लहान मुलांचा नंबर काढावा. थेंबांचं काम डॉक्टरांचं. खऱ्या उणे नंबरबद्दल होल्डन यांच्या गटाचा अंदाज २०१६ मध्ये, त्यांच्या पश्चात, छापून आला: २०५० पर्यंत निम्म्या जगाला लघुदृष्टी. चीनमधल्या ग्वांगजोच्या शाळांत रोज ४० मिनिटं मैदानावरचा जादा तास ठेवला, तेव्हा तीन वर्षांत नव्याने नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण साधारण तीस टक्के राहिलं, जादा तास नसलेल्या शाळांत ते साडेएकोणचाळीस होतं.

मोजणारी माणसं हवीत, त्याची सोय भारतात हैदराबादला दिसते. एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेच्या रचनेत साधारण ५० हजार वस्तीमागे एक दृष्टी केंद्र असतं. ते चालवणारे तंत्रज्ञ गावातलेच असतात, वर्षभर शिकून आलेले. तिथलं ऑप्टोमेट्री शिक्षणाचं केंद्र होल्डन यांच्याच नावाने ओळखलं जातं.

राहता राहिली दुकानात टांगलेली तयार चाळिशी. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आणि दूरचं स्वच्छ दिसत असेल तर ती चालते, एक ते तीनपर्यंतच्या अधिक नंबरात. डोळ्यांत फरक किंवा तिरका, म्हणजे सिलिंडरचा, नंबर असेल तर डोकं दुखतं. आणि ती विकणारा डोळ्याचा दाब तपासत नाही. काचबिंदू वयाच्या चाळिसाव्या वर्षानंतरच जास्त आढळतो आणि सुरुवातीला दुखत नाही, म्हणून चाळिशी घेतानाच एकदा दाब आणि डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्या.